‘रेड स्पेशल’ : घरी घडलेल्या विद्युत गिटारची रचना

विद्युत गिटार घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी घडवता येते, याचे कारण त्या वाद्याच्या रचनेतच आहे. सतार, व्हायोलिन किंवा साधी स्पॅनिश गिटार यांचा आवाज भोपळ्याच्या अथवा पोकळ पेटीच्या कंपनांतून मोठा होतो, आणि म्हणून त्या पेटीच्या लाकडाची जाडी, तिचा बाक, आतल्या आधारपट्ट्यांची जागा हे सारे ठरवणे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या कारागिराचेच काम असते. विद्युत गिटारमध्ये आवाज मोठा करण्याची जबाबदारी पेटीकडून काढून ध्वनिवर्धकाकडे, म्हणजे अँप्लिफायरकडे सोपवलेली असते. वाद्याच्या लाकडी अंगाने तारा घट्ट ताणून धरायच्या आणि त्यांची कंपने शक्य तितका वेळ टिकू द्यायची, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. त्यामुळे सुतारकामाची जाण, मापाची शिस्त आणि विजेच्या जोडण्यांची ओळख असलेल्या माणसाला हे वाद्य आवाक्यातले वाटते. तसे वाटणे आणि हाती येणारे वाद्य खरोखर मैफलीत टिकणे यांत मात्र मोठे अंतर आहे. ते अंतर पार केल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात १९६३-६४ मध्ये हॅरॉल्ड मे आणि त्यांचा शाळकरी मुलगा ब्रायन यांनी घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ ही गिटार होय. पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचे गिटारवादक झालेल्या ब्रायन मे यांनी आपल्या कारकिर्दीत प्रामुख्याने हेच वाद्य वाजवले.

या गिटारची रचना समजून घेण्याआधी ‘पिकअप’ हा भाग नीट समजून घ्यावा लागतो. चुंबकाभोवती केसाहून बारीक, विद्युतरोधक लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे घातले आणि त्यावरून पोलादी तार कंप पावू लागली, की चुंबकीय क्षेत्रात सतत बदल होतो आणि त्या बदलामुळे वेढ्यांत अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. तार सेकंदाला जितक्या वेळा हेलकावते तितक्याच वेळा तो प्रवाह पालटतो, म्हणून ध्वनिवर्धकातून तोच स्वर ऐकू येतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल टिपतो; सतारीची पितळी तार त्याच्यावर बसवली तर ती कितीही सुरेल असली तरी त्याच्या दृष्टीने मुकीच राहील, कारण पितळेवर चुंबकाचा परिणाम होत नाही. हे तत्त्व वापरणारी रिकनबॅकर कंपनीची गिटार १९३२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, आणि १९५०च्या सुमारास लिओ फेंडर यांनी पूर्ण भरीव लाकडाची गिटार कारखान्यात मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली. ब्रायन मे पौगंडावस्थेत होते तेव्हा फेंडरची ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही ब्रिटनमधल्या प्रत्येक होतकरू वादकाची इच्छा होती, परंतु ती विकत घेणे मे कुटुंबाला परवडणारे नव्हते.

गिटार घरी बनवण्याचा निर्णय या अडचणीतून निघाला खरा, पण ‘रेड स्पेशल’ची गोष्ट केवळ काटकसरीची म्हणून सांगणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. हॅरॉल्ड मे हे व्यवसायाने आरेखक होते, ब्रिटनच्या हवाई वाहतूक मंत्रालयात काम करत, आणि दाट धुक्यातही विमान उतरवता यावे यासाठीच्या यंत्रणेवर, पुढे कॉन्कर्ड विमानासाठीही, त्यांनी काम केले. घरातला रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच त्यांनी स्वतः जुळवले होते. अशा माणसाच्या हाताखाली, भौतिकशास्त्राची ओढ असलेला सोळा वर्षांचा मुलगा गिटार बनवायला बसतो तेव्हा ‘बाजारात मिळते तशी एक वस्तू स्वस्तात करावी’ असा तो विचार उरत नाही; बाजारातल्या वाद्यांत काय उणे आहे, ते का उणे आहे आणि घरी बनवताना ते टाळता येईल का, असे प्रश्न पुढे येतात. ऑगस्ट १९६३ मध्ये सुरू झालेले हे काम वर्षाहून अधिक चालले आणि त्याचा एकूण खर्च सुमारे आठ पौंड झाला, असे सांगितले जाते. या गिटारच्या प्रत्येक भागामागे एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसतो, आणि तिचे खरे मोल त्या निर्णयांत आहे.

दांडीसाठी वापरलेले लाकूड म्हणजे घराच्या भिंतीतल्या शेकोटीभोवतीच्या जुन्या महोगनी चौकटीचा तुकडा. शंभर वर्षांहून अधिक काळ उबेत राहून ते पूर्ण सुकलेले होते, आणि गिटारच्या दांडीला हवे असते ते हेच, कारण ओलसर लाकूड कालांतराने पीळ घेते व वाद्य बेसूर होते. मात्र इतक्या जुन्या लाकडाला कीड लागलेली होती. पोखरलेल्या भोकांत काडेपेटीतल्या काड्या बसवून ती बुजवण्यात आली. गिटारच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलो वजनाइतका असतो आणि तो दांडीला अहोरात्र पुढे वाकवत असतो, म्हणून दांडीच्या पोटातून एक पोलादी सळई घातलेली असते. ‘रेड स्पेशल’ची दांडी नेहमीपेक्षा बरीच जाडजूड ठेवलेली आहे आणि ती एका मोठ्या बोल्टने अंगाशी जखडलेली आहे. अंगाचा मधला ठोकळा जुन्या टेबलाच्या ओकचा, भोवतीचा भाग ब्लॉकबोर्डचा, आणि वर-खाली महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. कडेने जी पांढरी रेघ दिसते ती कपाटाच्या फळ्यांना लावायची प्लास्टिकची पट्टी आहे. सारे काम करवत, पटाशी, कानस आणि पॉलिश पेपर यांसारख्या हातहत्यारांनी केलेले आहे.

हातकामात सर्वाधिक कस लागतो तो पडदे बसवताना. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागानुसार ते सरकवता येतात आणि चूक झाली तर बोटाने सुधारता येते. गिटारचे पडदे मात्र लाकडात खाच पाडून कायमचे ठोकलेले असतात. पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा समान भाग करतात, म्हणजे प्रत्येक अर्धस्वराला कंपनसंख्या दोनच्या बाराव्या मुळाने, सुमारे १.०५९५ ने वाढते आणि त्याच प्रमाणात तारेची वाजणारी लांबी घटते. व्यवहारात याचा हिशेब असा, की मेरूपासून, म्हणजे तारेचा वरचा टेकू जिथे असतो तिथपासून, घोडीपर्यंतच्या लांबीला १७.८१७ ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर मिळते आणि उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत गेले की पुढचे पडदे मिळत जातात. सोळाव्या शतकात गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी ल्यूट या वाद्यासाठी १८ ही सोपी संख्या सुचवली होती, आणि कितीतरी कारागिरांनी ती वापरली. परंतु २४ इंची तारेवर १८ चा आकडा धरला तर बारावा पडदा असायला हवा त्यापेक्षा दोन मिलिमीटरांहून अधिक सरकतो.

‘रेड स्पेशल’च्या तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे आणि तिला २४ पडदे आहेत. वरच्या सूत्राने मोजले तर पहिला पडदा मेरूपासून ३४.२ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर ३०४.८ वर, आणि तेविसाव्या व चोविसाव्या पडद्यांतले अंतर अवघे ९ मिलिमीटर येते. चुकीची किंमतही सर्वत्र सारखी नसते. अर्धस्वराचे शंभर भाग करून त्या प्रत्येकाला ‘सेंट’ म्हणतात. पहिल्या पडद्याला अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर स्वर जेमतेम दीड सेंटने हलतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण चोविसाव्या पडद्याला तेवढीच चूक झाली तर स्वर जवळजवळ सहा सेंटने घसरतो आणि तयार कानाला तो खुपतो. म्हणून जाणता कारागीर एका पडद्यापासून पुढचा पडदा मोजत नाही, तो प्रत्येक पडदा मेरूपासूनच मोजतो, जेणेकरून बारीकसारीक चुकांची बेरीज होऊ नये. या गिटारच्या ओकच्या पडदेपट्टीला आबनुसासारखा काळा रंग दिलेला आहे, आणि तिच्यावर बोटांना जागा दाखवणारे जे मोतिया ठिपके आहेत ते आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांपासून घासून बनवलेले आहेत.

यापुढचा प्रश्न होता ‘ट्रेमोलो’चा. घोडीला जोडलेला एक दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि स्वर मींडेसारखा खाली उतरतो. दांडा सोडला की तो जागेवर परततो, निदान परतावा अशी अपेक्षा असते. त्या काळच्या बहुतेक गिटारींत तो नेमका परतत नसे, दोनचार वेळा दांडा वापरला की वाद्य पुन्हा लावावे लागे. मे पितापुत्रांनी दोष नेमका कुठे आहे ते हेरले : तार जिथे जिथे घासते तिथे तिथे ती अडते आणि पूर्ण मागे सरकत नाही. म्हणून त्यांनी पूर्ण घोडी एका पोलादी सुरीच्या धारेवर तोलली. सराफाच्या तराजूची दांडी जशी धारेवर टेकलेली असते आणि म्हणून गुंजभर फरकालाही हलते, तशी ही घोडी जवळजवळ घर्षणाशिवाय झुलते. एका बाजूने तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूने १९२८ सालच्या पँथर मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा असा हा समतोल आहे. तार घोडीवरून जाते तिथे तिच्याखाली फिरती चाके बसवली, आणि वरच्या टोकाला मेरूच्या खाचेऐवजी ‘शून्य पडदा’, म्हणजे इतर पडद्यांसारखाच एक धातूचा पडदा बसवून तारा खुंट्यांपर्यंत सरळ रेषेत नेल्या, जेणेकरून त्या कुठे वळून घासू नयेत. दाबायचा दांडा सायकलच्या सीटमागे पिशवी अडकवण्याच्या गजाचा आहे आणि त्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. या वस्तूंची यादी वाचून वाचकाला गंमत वाटते आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. पण घर्षण कुठे होते आणि ते का काढायचे हे आधी ठरले, वस्तू त्यानंतर शोधल्या गेल्या, हा क्रम महत्त्वाचा आहे.

पिकअपच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला आणि तो फसण्याचे कारण शिकण्यासारखे आहे. ब्रायन यांनी बाजारात मिळणारी छोटी चुंबके घेऊन, त्यांभोवती स्वतः तार गुंडाळून पिकअप बनवले होते. त्यांचा आवाज चांगला होता, परंतु बोटाने तार आडवी ओढून स्वर चढवताना, म्हणजे सतारीवर मींड काढताना करतात तसे केल्यावर, मध्येच विचित्र खरखर उमटे. शेजारशेजारच्या चुंबकांची ध्रुवांची दिशा आलटून पालटून होती. त्यामुळे एका चुंबकावरून दुसऱ्याकडे सरकणारी तार मधल्या अशा पट्ट्यातून जाई जिथे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना छेद देतात. अखेर बर्न्स कंपनीचे ‘ट्राय-सॉनिक’ जातीचे तीन पिकअप विकत घेऊन बसवले गेले, मात्र तेही जसेच्या तसे नाहीत. मोठ्या आवाजात पिकअपमधले वेढे स्वतःच थरथरू लागतात आणि कर्कश शीळ वाजते, म्हणून ते अरल्डाईट या गोंदात भरून घट्ट केले.

पिकअपांच्या जोडणीत मात्र ही गिटार इतरांपासून पूर्ण वेगळी होते. स्ट्रॅटोकास्टरमधले तीन पिकअप समांतर जोडलेले असतात. इथे ते एकसर, म्हणजे एकामागून एक जोडले आहेत, त्यामुळे दोन चालू केले की त्यांचे संकेत एकमेकांत मिळून आवाज भरदार होतो. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन छोटी बटणे आहेत : एक चालू-बंद करण्याचे आणि दुसरे त्याच्या संकेताची दिशा उलटी करण्याचे. दोन पिकअपांपैकी एकाची दिशा उलटवली, की दोन्हींत सारखे असलेले खालचे जाड स्वरांश एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो वरचा पातळ, टोकदार, अनुनासिक आवाज. एकटा पिकअप चालू असताना दिशा उलटवून कानाला काहीच फरक कळत नाही, म्हणून एकेरी ध्वनी तीन. दोन-दोनच्या तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन प्रकार धरून सहा. तिन्ही चालू असताना चार. असे १३ वेगवेगळे ध्वनी या सहा बटणांतून मिळतात. दुकानातून आणलेल्या बहुतेक गिटारींमध्ये त्या वेळी ही सोय नव्हती.

गिटारच्या अंगात मुद्दाम पोकळ्याही ठेवलेल्या आहेत, त्यांचा उलगडा इथेच करायला हवा. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा गिटारच्या तारांना हलवतो, ती हालचाल पुन्हा पिकअप टिपतो आणि स्वर न मरता वाढत राहतो. याला ‘फीडबॅक’ म्हणतात. पोकळ गिटारींचा हा मोठा दोष मानला जाई आणि भरीव गिटार जन्माला येण्यामागे तो टाळण्याचाच हेतू होता. गिटारवादक जेफ बेक यांनी ध्वनिवर्धकासमोर गिटार पुढे-मागे हलवून या दोषातूनच संगीत काढलेले ब्रायन यांनी पाहिले, आणि आपल्या वाद्यात तो गुण ताब्यात राहील इतक्या प्रमाणात असावा असे ठरवले. म्हणून मध्यभागी भरीव ठोकळा आणि बाजूंना बंद पोकळ्या अशी रचना झाली. व्हायोलिनला असते तसे एक छिद्र वर कोरायचेही योजले होते, पण ते कधी कोरले गेले नाही.

वाद्यांशी असे खेळत राहण्याची ही वृत्ती पुढेही टिकली आणि तिचा एक धागा भारतीय वाद्यांपर्यंत पोहोचतो. आपल्या एका जुन्या साध्या गिटारची घोडी ब्रायन मे यांनी काढून टाकली, तिच्या जागी कठीण लाकडाची घोडी बसवली, ती पटाशीने सपाट केली आणि वर पडद्याच्या तारेचा एक तुकडा असा ठेवला की तारा त्याला हलकेच टेकून राहाव्यात. त्यातून सतारीसारखा झणत्कार निघू लागला, आणि क्वीनच्या ‘व्हाइट क्वीन’ व ‘जेलसी’ या गाण्यांत तो ऐकू येतो. मिरजेच्या सतारमेकरांना यात नवल वाटणार नाही, कारण सपाट घोडीवर तार जेमतेम टेकवून जवारी काढणे हे त्यांचे रोजचे काम आहे. महाराष्ट्राशी या बँडचा आणखी एक संबंध आहे : त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले आणि तिथेच १९५८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्यांनी आपला पहिला वाद्यवृंद काढला.

‘रेड स्पेशल’ क्वीनच्या १९७३च्या पहिल्या अल्बमपासून वाजत आली आहे. ब्रायन मे ती प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने छेडतात, त्यामुळे नाण्याच्या कंगोरेदार कडेचा हलका खरखरीत स्पर्श प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला जाणवतो. २००२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजले ते याच गिटारवर. जे संशोधन संगीतासाठी अर्धवट सोडल्याने हॅरॉल्ड मे दुखावले होते, ते सूर्यमालेतल्या धूलिकणांवरचे संशोधन त्यांच्या मुलाने २००७ मध्ये पूर्ण करून डॉक्टरेट मिळवली. मुलाच्या पेशाविषयीची हॅरॉल्ड यांची नाराजी मात्र त्याआधीच, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिल्यावर निवळली होती. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे वाद्यनिर्माते ग्रेग फ्रायर यांनी गिटारची डागडुजी केली; तिच्या हुबेहूब प्रतीही त्यांनी घडवल्या. गिल्ड आणि बर्न्स या कंपन्यांनीही वेगवेगळ्या काळात तिच्या आवृत्त्या काढल्या.

आज घरी गिटार घडवू पाहणाऱ्याला पडद्यांच्या तारेपासून पिकअपपर्यंत सारे तयार मिळते, आणि छापील मापपट्ट्यांमुळे हिशेबाचा त्रासही उरलेला नाही. तरीही कामाचा क्रम बदललेला नाही. तारेची लांबी आधी ठरवायची, मग पूर्ण आकाराचे आरेखन कागदावर काढायचे, दांडी, घोडी आणि पिकअप एकाच मध्यरेषेवर येतात याची खात्री करायची, आणि त्यानंतरच लाकडाला करवत लावायची. हे टाळून थेट अंगाचा आकार कापायला घेणारे बहुतेक जण घोडीची जागा चुकवतात. पडदे ठोकल्यावर ते सरळ पट्टीने पारखून एका पातळीत घासायचे असतात, कारण एकही पडदा केसभर उंच राहिला तर त्याच्या अलीकडच्या पडद्यांवर तार खणखणते. सर्वांत शेवटी येते घोडीची जुळणी. बोटाने दाबलेली तार किंचित ताणली जाऊन चढी वाजते, म्हणून तिची वाजणारी लांबी हिशेबापेक्षा थोडी वाढवावी लागते, आणि जाड तारेला ती पातळ तारेपेक्षा जास्त लागते. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूक्ष्म स्वर आणि तोच पडदा दाबून काढलेला स्वर हे दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळेपर्यंत प्रत्येक तारेचा टेकू मागेपुढे सरकवायचा. दाबलेला स्वर चढा लागला तर टेकू मागे घ्यायचा, उतरा लागला तर पुढे आणायचा, आणि दर वेळी तार पुन्हा लावून मगच पारखायची. नवीन तारा काही दिवस ताणल्या जात राहतात व दांडीही त्या ताणाला हळूहळू सरावते, त्यामुळे आठवड्याभराने ही जुळणी पुन्हा एकदा तपासून घ्यावी लागते.